फादर थॉमस स्टीफन्स : परभूमीचे ऋण

नाताळची सुटी लागली म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील गावांना निराळीच कळा येते. मुंबईचे चाकरमानी घरी परततात, ख्रिस्ती घरांच्या ओसरीवर तारे लागतात आणि नेवऱ्यांचे ताट या घरातून त्या घरात जाऊ लागते. परंतु अशा आनंदातही मनाची एक खोड सुटत नाही. जो आला नाही त्याची हुरहुर आणि सुटी सरल्यावर काय, ही विवंचना, या दोहोंच्या कात्रीत हातचा दिवस निसटून जातो. म्हणून, विद्यार्थी मित्रहो, शेजारच्या गोव्यात आपल्या आयुष्याची चाळीस वर्षे वेचलेल्या एका परदेशी पुरुषाचे चरित्र आज आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशर परगण्यात, बुश्टन या खेड्यात, १५४९ च्या सुमारास झाला. त्या काळी एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक पंथीयांवर कडक निर्बंध होते. आपले जिवलग मित्र थॉमस पाउंड यांच्यासह रोमला जाऊन येशूसंघात शिरावे, असा स्टीफन्स यांचा बेत होता. पण पाउंड पकडले गेले आणि पुढे त्यांची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले व १५७५ साली संघात दाखल झाले. मित्राला मात्र ते विसरले नाहीत. १५७८ साली त्यांनी संघाच्या प्रमुखांस विनंती केली की, बंदिवान पाउंड यांस त्यांच्या गैरहजेरीतच संघात घ्यावे. ती विनंती मान्य झाली.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजाने निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास उतरले. साडेसहा महिन्यांच्या त्या प्रवासात हिरड्या सुजणाऱ्या रोगाने अनेक उतारू जर्जर झाले. गोव्यास पोचल्यावर त्यांनी वडिलांस सविस्तर पत्र लिहून प्रवासाचे वर्तमान कळविले. त्यानंतर मायदेशाचे दर्शन त्यांस पुन्हा कधीच घडले नाही.

१५८३ हे साल त्यांच्या कसोटीचे ठरले. साष्टी प्रांतात पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती. त्याचा रोष लोकांच्या मनात धुमसत होता. त्या वर्षीच्या जुलैत कुंकळ्ळी येथे लोकांनी येशूसंघाच्या पाच जणांस ठार मारले आणि पोर्तुगीजांनी गावाचा क्रूरपणे सूड घेतला. आपले धर्मबंधू गमावलेल्या मनुष्यास त्या लोकांविषयी अढी वाटली असती, तर नवल नव्हते. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात भावास लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते, असे कौतुकाने नमूद केले. पुढे भाषाशास्त्राने जे सिद्ध केले, त्याचे हे एक पहिले निरीक्षण होय.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे दोन सोबती, असे चार इंग्रज हेर असल्याच्या संशयावरून कैद होऊन गोव्यास आले. ज्या राज्याने आपल्या मित्रास तुरुंगात डांबले, त्याच राज्याची ही प्रजा. स्टीफन्स यांनी तो हिशेब मनात धरला नाही. त्यांनी व एका फ्लेमिश पाद्रींनी खटपट केली, आणि नाताळ तोंडावर आले असता ते चौघे जामिनावर सुटले. पुढे स्वदेशी परतल्यावर फिच यांनी आपल्या प्रवासवृत्तात या दोघांचे उपकार कृतज्ञतेने नोंदविले आहेत.

पण स्टीफन्स यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण'. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांचे जुने ग्रंथ हिरावून घेतले गेले होते. त्यांच्या जागी मातृभाषेत वाचावयास काही नव्हते. एक नवख्रिस्ती ही उणीव पाद्रींपुढे बोलून दाखवितो, असा प्रसंग ग्रंथातच आला आहे. ज्यांच्याकडून इतके घेतले गेले त्यांस काही परत देणे, हे एक प्रकारे ऋण फेडणेच होते. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. तेव्हा त्यांचे वय सदुसष्टच्या घरात होते. मालवणच्या सिंधुदुर्गाचा पाया घातला जाण्यास आणखी ४८ वर्षांचा अवकाश होता! ग्रंथारंभी त्यांनी मराठीची थोरवी मोठ्या प्रेमाने गायिली आहे. कोकणी भाषेचे व्याकरणही त्यांनी रचिले. ते त्यांच्या मागे १६४० साली छापले गेले. १६१९ साली गोव्यातच त्यांचा देहान्त झाला.

१६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवर बंदीचा हुकूम काढला. तरीही रविवारी व सणावारी वाचला जाणारा हा ग्रंथ भाविकांनी हस्तलिखितांतून जतन केला, आणि १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. दिलेली वस्तू घेणाऱ्यांनी जपली, याहून मोठी पोच ती कोणती?

स्टीफन्स यांस घराची आठवण येत नसेल, असे कोण म्हणेल? परंतु दूरच्या घरासाठी झुरण्यात त्यांनी समोरचा दिवस घालविला नाही. ज्या भूमीचे अन्न खाल्ले, तिची भाषा शिकून तिच्यातच त्यांनी आपले देणे चुकते केले. कृतज्ञता ही नुसती मुखाने बोलावयाची गोष्ट नव्हे. ती आज, येथे, समोरच्या माणसापाशी करावयाची कृती आहे. या सुटीत घरी आजी असेल, तर तिच्याजवळ बसून तिच्या मुखीची एखादी ओवी शिकून घ्यावी. ती ओवी सांगणारी आज आपणांपाशी आहे, हेच या सुटीचे खरे धन होय.