रुपयाचा भाव आणि बाबासाहेब

जपानच्या येनचे किती कोरियन वॉन मिळतात, हे आज मोबाईल क्षणात सांगतो. पण तो भाव का चढतो, का उतरतो आणि त्यात कोणाचा खिसा भरतो, कोणाचा रिकामा होतो, हे मोबाईल सांगत नाही. आपल्या रुपयाबद्दल हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला तो बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. संविधानकार बाबासाहेब आपल्या घराघरात आहेत. अर्थतज्ज्ञ बाबासाहेबांकडे मात्र आपण कमी वळतो, म्हणून आज त्यांच्याविषयी.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी बाबासाहेबांचा जन्म झाला. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन ते बी.ए. झाले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची. पैसा बडोद्याचा, मोजणी पौंडात आणि खर्च डॉलरमध्ये! विनिमय दर त्यांनी पुस्तकाइतकाच पोटानेही जाणला. तिथे प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली शिकून १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावे लागले.

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. इकडे माता रमाई काटकसरीने संसार ओढत होत्या. नेमक्या याच काळात रुपया कोसळला. १९२० च्या सुरुवातीला दोन शिलिंगांच्याही वर असलेला रुपया वर्षभरात दीड शिलिंगाच्या खाली आला. भारतातून येणाऱ्या तेवढ्याच रुपयांना आता कमी पौंड मिळत होते. उपाशीपोटी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून बाबासाहेबांनी अभ्यासाला विषय घेतला तो रुपयाचाच.

विषय समजायला थोडा इतिहास हवा. १८३५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात चांदीचा रुपया हेच प्रमाण चलन होते, तर इंग्लंडचा पौंड सोन्याशी बांधलेला. १८७३ नंतर चांदी स्वस्त होत गेली, तसा रुपयाही घसरला. पूर्वी दहा रुपयांना एक पौंड मिळे, पुढे पंधरा रुपये मोजूनही मिळेना. सरकारला लंडनमध्ये पेन्शन, व्याज वगैरे खर्च पौंडात भागवावा लागे. रुपया उतरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागत आणि त्यांचा भार शेवटी इथल्या रयतेवर पडे.

१८९३ साली सरकारने टांकसाळी जनतेसाठी बंद केल्या आणि नाणी पाडण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. पुढे एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये, असा दर ठरला. रुपया चांदीचाच राहिला, पण लंडनमध्ये हुंड्या विकून त्याचा भाव सांभाळला जाई. केन्स यांच्यासारख्या नामवंत अर्थतज्ज्ञाने १९१३ च्या ग्रंथात या पद्धतीची वाखाणणी केली होती.

बाबासाहेबांनी याच पद्धतीवर बोट ठेवले. सरकारने किती रुपये पाडावेत याला लगामच नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. रुपये वाढले की महागाई वाढते आणि देशात रुपयाची खरेदीशक्ती घटली की परदेशातला भावही टिकत नाही. म्हणून नुसता विनिमय दर धरून बसण्यापेक्षा घरातल्या किमती स्थिर ठेवा, असे त्यांचे प्रतिपादन. १९२२ मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला. परीक्षकांनी फेरलेखन करायला लावले. त्यांनी तो पुन्हा लिहून पाठवला, १९२३ मध्ये तो मान्य झाला आणि ते डी.एस्सी. झाले. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमधून प्रसिद्ध झाला. प्रा. कॅनन यांनी काही मुद्द्यांवर मतभेद नोंदवूनही त्याला प्रस्तावना दिली.

डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. तेव्हा वाद पेटला होता तो दराचा. गिरणीमालक आणि निर्यातदारांना रुपया स्वस्त, म्हणजे एक शिलिंग चार पेन्स हवा होता. त्यालाच देशहित म्हटले जात होते. बाबासाहेबांनी विचारले ते वेगळेच: हा नफा येतो कुठून? रुपया स्वस्त झाला की वस्तू महागतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याचा फायदा मजुराच्या भाकरीतून निघतो. देश म्हणजे एकट्या मालकांचा वर्ग नव्हे, ही त्यांची अर्थशास्त्रातलीही भूमिका होती.

आयोगाने त्यांच्या सूचना जशाच्या तशा स्वीकारल्या नाहीत. दर एक शिलिंग सहा पेन्स ठरला, मध्यवर्ती बँकेची शिफारस झाली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बाबासाहेबांनी ही बँक स्थापन केली, असे एका ओळीचे संदेश जयंतीला फिरतात. आम्हाला वाटते, त्यांचे काम त्या ओळीपेक्षा मोठे आहे. चलनावर शिस्त हवी आणि त्या शिस्तीचे मोजमाप कष्टकऱ्याच्या मजुरीवरून करावे, हा विचार त्यांनी दिला. विरोधकांनी पुरावा मागितला तर संदेश कामी येत नाही, ग्रंथ कामी येतो.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणे मालिकेच्या सहाव्या खंडात हा ग्रंथ आहे. विहारातल्या वाचनवर्गात आठवड्याला एक प्रकरण घ्या. अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी समजावून सांगावे, इतरांनी न लाजता विचारावे. रुपया घसरल्याची बातमी आली की आपणही बाबासाहेबांसारखे विचारू: यात कष्टकऱ्याच्या ताटातले काय गेले?

जय भीम! नमो बुद्धाय!