विश्लेषण : रॉकफेलर यांची तेलसत्ता सरकारने मोडली, तरी ते अधिक श्रीमंत कसे झाले?

एखादी कंपनी इतकी मोठी झाली की बाजारात दुसऱ्याला जागाच उरत नाही, तेव्हा सरकारने तिचे तुकडे करावेत का? आज हा प्रश्न बड्या तंत्रज्ञान कंपन्यांबाबत विचारला जातो. शंभर वर्षांपूर्वी तो तेलाबाबत विचारला गेला. त्याच्या केंद्रस्थानी होते जॉन डी. रॉकफेलर.

रॉकफेलर कोण होते?

त्यांचा जन्म ८ जुलै १८३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रिचफर्ड या खेड्यात झाला. वडील गावोगाव फिरून औषधे विकत. वयाच्या सोळाव्या वर्षी जॉन क्लीव्हलंडमधील एका अडत पेढीत हिशेबनीस म्हणून लागले. १८५९ मध्ये पेनसिल्वेनियात तेलाची विहीर लागली आणि दिव्यांसाठी रॉकेलचा धंदा फोफावला. विहिरी खोदण्याच्या जुगारात न पडता रॉकफेलर तेलशुद्धीकरणाकडे वळले. १८७० मध्ये त्यांनी ‘स्टँडर्ड ऑइल’ स्थापन केली.

मक्तेदारी कशी उभी राहिली?

कारखाने चोख होते, हिशेब काटेकोर होता. पण खरी किल्ली रेल्वेच्या मालभाड्यात होती. मोठ्या आणि नियमित मालाच्या बदल्यात स्टँडर्डला रेल्वे कंपन्यांकडून छुपी सवलत मिळे. १८७२ मधील एका योजनेत तर प्रतिस्पर्ध्यांनी भरलेल्या भाड्यातलाही वाटा मिळणार होता. तेल उत्पादकांच्या संतापामुळे ती योजना बारगळली. मात्र त्याच सुमारास क्लीव्हलंडमधील २६ पैकी २२ शुद्धीकरण कारखाने रॉकफेलर यांच्या हाती आले होते. दशक संपताना अमेरिकेतील सुमारे ९० टक्के तेलशुद्धीकरण त्यांच्या ताब्यात होते.

ग्राहकांचे नुकसान झाले का?

इथेच पेच आहे. या काळात रॉकेल महागले नाही. उलट बरेच स्वस्त झाले. झळ बसली ती छोट्या कारखानदारांना आणि विहीरमालकांना. रेल्वेचे दर आणि पुढे तेलवाहिन्याही एकाच्याच मुठीत राहिल्याने चांगला माल बनवूनही त्यांना टिकता येईना. पत्रकार आयडा टार्बेल यांच्या वडिलांच्या तेलधंद्यालाही ही झळ बसली होती. टार्बेल यांनी कागदपत्रे धुंडाळून १९०२ पासून लेखमाला लिहिली आणि हा व्यवहार घराघरांत पोहोचवला.

सरकारने काय केले?

मक्तेदारीविरोधी ‘शर्मन कायदा’ १८९० मध्येच झाला होता. १८९२ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने स्टँडर्डच्या ‘ट्रस्ट’ला हादरा दिला, पण कंपनीने न्यू जर्सीच्या सोयीस्कर कायद्याखाली नवी मोट बांधली. अखेर १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या सरकारने खटला भरला. १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विभाजन कायम केले. एका साम्राज्याच्या ३४ कंपन्या झाल्या. मात्र केवळ मोठे असणे हा गुन्हा नाही, व्यापारावरील अवाजवी बंधन हा गुन्हा, असा निकष न्यायालयाने घालून दिला.

मग मालक श्रीमंत कसे झाले?

कंपनीचे तुकडे झाले, मालकीचे नाही. प्रत्येक भागधारकाला सर्व कंपन्यांचे समभाग त्याच प्रमाणात मिळाले. रॉकफेलर यांच्याकडे सुमारे एक चतुर्थांश हिस्सा होता. मोटारींमुळे पेट्रोलची मागणी वाढली, समभाग उसळले आणि निवृत्त रॉकफेलर पूर्वीपेक्षा धनाढ्य झाले. नव्या कंपन्याही सुरुवातीला आपापल्या प्रदेशात राहिल्या, एकमेकींशी फारशा भिडल्या नाहीत. पुढे न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या वारसांनी आशियासाठी ‘स्टॅनव्हॅक’ ही संयुक्त कंपनी काढली. मुंबईतील ट्रॉम्बे येथील १९५४ चा तेलशुद्धीकरण कारखाना तिचाच. तो आज हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आहे. हेच दोन वारस, एक्सॉन आणि मोबिल, १९९९ मध्ये पूर्णपणे एक झाले.

म्हणजे विभाजन वाया गेले का?

तसे म्हणता येत नाही. कच्च्या तेलातून जास्त पेट्रोल काढण्याच्या विल्यम बर्टन यांच्या पद्धतीला न्यूयॉर्कच्या मुख्यालयाने पैसे नाकारले होते. स्वतंत्र झालेल्या इंडियाना कंपनीने ते दिले आणि १९१३ पासून ती पद्धत रुळली. एका दारात नकार मिळालेल्या कल्पनेला दुसरे दार उघडे राहिले, हा विभाजनाचा खरा लाभ.

पण औषध उशिरा दिले गेले. निकालापूर्वीच टेक्साससारख्या ठिकाणच्या नव्या तेलामुळे स्टँडर्डचा वाटा घटू लागला होता. १८७२ मध्येच छुपे मालभाडे रोखले असते, तर कदाचित १९११ ची शस्त्रक्रिया करावी लागली नसती. अमेरिकेने १९१४ मध्ये व्यापार आयोग नेमला तो असे प्रकार वेळीच अडवण्यासाठी.

रॉकफेलर यांनी शिकागो विद्यापीठ आणि वैद्यकीय संशोधनासाठी अफाट दान दिले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या उभारणीतही १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनचा हात होता. २३ मे १९३७ रोजी, ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या आयुष्याचा हिशेब सरकारांना एवढेच सांगतो : कंपनी किती मोठी आहे हे पाहण्याआधी, इतरांच्या वाटेवरचा नाका कोणाच्या हातात आहे ते पाहावे, आणि तुकडे करायचेच असतील, तर मालकी कोणाकडे राहते हेही तपासावे.