विल्यम लिशमन : परजीवीला रंग देणारा लष्करी डॉक्टर

मलेरियाची शंका आली की रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरतात आणि त्यावर जांभळट निळा रंग ओततात. आपल्याकडच्या असंख्य प्रयोगशाळांत त्या रंगाच्या बाटलीवर ‘लिशमन’ असे लिहिलेले असते. हे नाव ज्यांचे, त्या विल्यम बूग लिशमन यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६५ रोजी ग्लासगो येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन लिशमन १८८७ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १८९० ते १८९७ हा काळ त्यांनी हिंदुस्थानात घालवला. वझिरिस्तानच्या मोहिमेतही ते होते.

इंग्लंडला परतल्यावर नेटलीच्या लष्करी रुग्णालयात १९०० मध्ये त्यांच्यासमोर एका सैनिकाचे शव आले. कोलकात्याजवळच्या डमडम छावणीत जडलेल्या दीर्घ तापाने तो दगावला होता. त्याच्या वाढलेल्या प्लीहेच्या लेपात लिशमन यांना असंख्य सूक्ष्म, अंडाकृती कण दिसले. ते काय असावेत, हे मात्र उमगेना. निष्कर्षाची घाई न करता त्यांनी ते निरीक्षण जवळजवळ अडीच वर्षे बाजूला ठेवले.

दरम्यान १९०१ मध्ये त्यांनी रोमानोव्स्की यांची रंजनपद्धती सुलभ केली. इओसिन आणि मेथिलिन ब्लू यांचे संयुग त्यांनी मिथेनॉलमध्ये विरघळवले. त्यामुळे पेशी काचेवर पक्क्या करणे आणि त्या रंगवणे ही दोन्ही कामे एकाच बाटलीने होऊ लागली. छावणीतल्या डॉक्टरलाही जमेल इतके हे सोपे होते, आणि माझ्या मते लिशमन यांचे खरे मोठेपण याच साधेपणात आहे.

पुढे ट्रिपॅनोसोम या परजीवीने मेलेल्या उंदरात तसेच कण आढळले, तेव्हा १९०३ च्या मे महिन्यात त्यांनी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. ते कण म्हणजे ट्रिपॅनोसोमचेच विघटित अवशेष, हा त्यांचा तर्क चुकीचा ठरला. काही आठवड्यांतच मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनी जिवंत रुग्णाच्या प्लीहेतून तेच कण काढून दाखवले. मृत्यूनंतरच्या विघटनाचा प्रश्नच मिटला. रोनाल्ड रॉस यांनी त्याच वर्षी नव्या जीवाचे नाव ‘लिशमॅनिया डोनोव्हनी’ ठेवून दोघांनाही मान दिला. काळ्या आजाराचा कर्ता सापडला होता.

त्वचेवरच्या फोडाची गोष्ट मात्र याहून जुनी. ‘दिल्ली फोड’ किंवा ‘बगदाद फोड’ म्हणून ओळखली जाणारी, महिनोन्‌महिने न भरणारी आणि चेहऱ्यावर कायमचा व्रण ठेवून जाणारी ती जखम. तिच्यातले कण डेव्हिड कनिंगहॅम यांनी कोलकात्यात १८८५ मध्येच पाहिले होते, पण त्यांचे कुळ त्यांना नीट ओळखता आले नाही. ताश्कंदमध्ये प्योत्र बोरोव्स्की यांनी १८९८ मध्ये ते आदिजीव असल्याचे ओळखले. परंतु त्यांचा लेख रशियन भाषेत होता आणि पश्चिमेकडे त्याची दखल कित्येक वर्षे कोणी घेतली नाही. १९०३ च्या अखेरीस बोस्टनमध्ये जेम्स होमर राइट यांनी एका आर्मेनियन मुलीच्या फोडातला परजीवी रंगवून त्याचे चोख वर्णन केले. नाव मात्र लिशमन यांचेच टिकले. हा न्याय की योगायोग, हे वाचकांनी ठरवावे.

आजही निदानाची पहिली पायरी तीच आहे. फोडाच्या मधल्या, सडलेल्या भागातून नमुना घेऊन फारसा उपयोग होत नाही. कडेच्या फुगीर भागाला बारीक छेद देऊन आतला द्राव काचपट्टीवर घेतात. रंग दिल्यावर पेशींच्या आत दोन ते चार मायक्रोमीटरचे फिकट निळे गोळे दिसतात. प्रत्येकात एक जांभळट केंद्रक आणि शेजारी एक छोटी काडी, म्हणजे कायनेटोप्लास्ट. हे दोन्ही ठिपके दिसले की शंका उरत नाही. ते न पाहता केवळ नजरेने निदान केले, तर हाच फोड कुष्ठरोग किंवा त्वचेचा क्षय समजला जाण्याची भीती असते. फोड जुना झाला की परजीवी विरळ होतात. मग सशाच्या रक्तावर केलेले संवर्धन किंवा पीसीआर चाचणी कामी येते.

रंगाला एक मर्यादाही आहे. लिशमॅनियाच्या सगळ्या जाती सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. बिकानेरच्या फोडांत ‘ट्रोपिका’ ही जात आढळते. हिमाचल आणि केरळमधल्या फोडांत मात्र काळ्या आजाराचा ‘डोनोव्हनी’च सापडला, आणि ते जनुकीय तपासणीनेच कळले.

लिशमन यांनी पुढे विषमज्वराच्या लशीसाठी मोठे परिश्रम घेतले; पहिल्या महायुद्धात तिने असंख्य सैनिक वाचवले. १९०९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९२३ मध्ये ते लष्करी वैद्यकीय सेवेचे महासंचालक झाले आणि त्याच पदावर असताना २ जून १९२६ रोजी निवर्तले. काळ्या आजाराचा परजीवी वाळूमाशीच्या दंशातून माणसात शिरतो, हे स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ मध्ये सिद्ध केले. ते पाहायला लिशमन नव्हते.