आकाशवेधी राजा सवाई जयसिंह

आमेरच्या गादीवर अकराव्या वर्षी आलेल्या सवाई जयसिंहांचे (१६८८-१७४३) आयुष्य मोहिमांत गेले. मन मात्र आकाशात रमले. ग्रंथांतील ग्रहस्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनात, हा त्यांच्या मनातील सल होता. पितळी यंत्रे लहान, त्यांचे आस झिजणारे. म्हणून १७२७ साली वसविलेल्या जयपुरात राजवाड्यालगत त्यांनी दगडचुन्याची भव्य यंत्रे उभारली. सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राटयंत्राची सावली दोन सेकंदांपर्यंतचा काळ दर्शविते. या उद्योगात त्यांना महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट यांची साथ लाभली. अरबी आत्मसात करून त्यांनी टॉलेमी व युक्लिड यांचे ग्रंथ संस्कृतात आणले. म्हणूनच जंतरमंतरच्या प्रांगणात उभे राहिले की, आम्हां जयपूरकर मराठी जनांना हे आकाश परके वाटत नाही.