कीर्ती आणि न्यायासन

एखाद्या नामवंत नटावर, क्रीडापटूवर किंवा पुढाऱ्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आला की मुंबईतील उपाहारगृहांपासून पेण-नागोठणे वाटेवरील कासू स्थानकाच्या फलाटापर्यंत एकच प्रश्न चर्चिला जातो. हाच आरोप गावातल्या शेतमजुरावर आला असता तर न्यायालयाने त्याला असेच वागविले असते काय? उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. थोरांना एक न्याय आणि सामान्यांना दुसरा! या उत्तरात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु ते अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे सत्य पाहावयाचे तर लोकमान्य टिळकांच्या चरित्राकडे वळले पाहिजे. कायद्याची पदवी घेऊनही वकिली न करणाऱ्या या पुरुषाला आयुष्यात वारंवार आरोपी म्हणून न्यायासनासमोर उभे राहावे लागले, आणि दर खेपेला त्यांची कीर्ती निराळ्या पायरीवर पोहोचलेली होती.

१८५६ साली रत्नागिरीत जन्मलेले टिळक प्रथम तुरुंगात गेले ते १८८२ साली. कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीचा तो खटला होता. 'केसरी' व 'मराठा' सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते आणि पुण्याबाहेर या तरुण शिक्षकांना फारसे कोणी ओळखत नव्हते. ज्या पत्रांच्या आधारे टीका केली ती बनावट ठरली, दिलगिरीही व्यक्त झाली. तरी टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. बाहेर आले तेव्हा स्वागताला लोकांची गर्दी होती. शिक्षेने कीर्ती दिली. कीर्तीने शिक्षा टाळली नव्हती.

१८९७ साली चित्र पालटलेले होते. टिळक मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद होते, आणि 'ओरायन' या ग्रंथामुळे युरोपातील पंडितांना त्यांचे नाव ठाऊक झाले होते. प्लेगचा कहर, रँडचा वध आणि शिवराज्याभिषेकोत्सवासंबंधीचे 'केसरी'तील लेखन या पार्श्वभूमीवर २७ जुलै रोजी त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. उच्च न्यायालयात जामिनाचा पहिला अर्ज फेटाळला गेला. खटला वर्ग झाल्यावर बॅरिस्टर दावर यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यापुढे पुन्हा अर्ज केला आणि जामीन मिळाला. बचावासाठी बंगालमधून पैसा आला, बॅरिस्टर आले. तरीही न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले, आणि १४ सप्टेंबर रोजी १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. मात्र मॅक्समुल्लर यांच्यासारख्या विद्वानांनी राणीच्या सरकारकडे रदबदली केली आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी, सहा महिने आधी, अटींवर सुटका झाली. हा लाभ निःसंशय कीर्तीचा होता. त्याच वर्षी इस्लामपूरच्या 'प्रतोद' पत्राच्या संपादकाला साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने राजद्रोहाबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली होती. उच्च न्यायालयाने पुढे ती पुष्कळच कमी केली. पण मूळ शिक्षा देताना न्यायाधीशाचा हात आखडला नाही, हे विसरता येत नाही. अप्रसिद्ध माणसावरचा अन्याय अंधारात घडतो. प्रसिद्ध माणसाच्या खटल्यावर निदान दिवे लागलेले असतात.

हे दिवे नेहमी आरोपीला साह्य करतात असे मात्र नाही. १९०८ साल त्याची साक्ष देते. मुजफ्फरपूरच्या बाँबनंतर 'काळ'चे संपादक शिवरामपंत परांजपे यांच्यावर खटला झाला. हे रायगड जिल्ह्यातील महाडचे सुपुत्र. त्यांच्या साह्यार्थ मुंबईस आलेल्या टिळकांनाच २४ जून रोजी सरदारगृहात अटक झाली. एकाच महिन्यात, एकाच न्यायमूर्तीसमोर दोन संपादक उभे राहिले. परांजपे यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली; टिळकांना सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड. टिळकांवरील आरोप अधिक होते आणि पूर्वीची शिक्षा त्यांच्या नावावर होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही एवढी तफावत केवळ लेखांतील शब्दांमुळे झाली असे मानणे कठीण आहे. शिक्षा लेखाला नव्हती, लोकमान्यतेला होती.

या खटल्यातील न्यायमूर्ती होते दावर. ११ वर्षांपूर्वी ज्यांनी टिळकांना जामीन मिळवून दिला तेच! जीनांनी जामिनासाठी केलेला युक्तिवाद त्यांनी अमान्य केला. सात युरोपीय व दोन पारशी अशी ज्यूरी बसली. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. त्यांचे भाषण एकंदर २१ तासांहून अधिक चालले. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा कौल आला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला आणि गोळीबारात कित्येक बळी पडले. मंडालेच्या कैद्याचे नाव घरोघरी झाले. त्या बळींची नावे आज कोणाच्या मुखी आहेत?

या दोन टोकांच्या मधोमध दोन खटले आहेत आणि बोध घ्यावयाचा तो त्यांतूनच. ताईमहाराज प्रकरणात मित्राच्या मृत्युपत्राचे विश्वस्तपद टिळकांच्या गळ्यात पडले आणि त्यातून खोट्या साक्षीचा आरोप आला. राजद्रोहाने इभ्रत वाढते. खोट्या साक्षीने ती धुळीस मिळते. १९०३ साली विशेष मॅजिस्ट्रेटने १८ महिन्यांची शिक्षा दिली, सत्र न्यायालयाने ती सहा महिन्यांवर आणली, आणि मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने पुरावा तपासून त्यांना निर्दोष सोडले. पुढे १९१६ साली, साठाव्या वाढदिवसाच्या सुमारास, स्वराज्यावरील व्याख्यानांबद्दल चांगल्या वर्तणुकीचा २० हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी ती भाषणे समग्र वाचली आणि तो हुकूम रद्द केला. ही दोन्ही पीठे परक्या राजवटीतलीच होती, आरोपीचे नावही तेवढेच मोठे होते. फरक एवढाच की तेथे ज्यूरीचा कल नव्हता. कागद होते, कारणे होती आणि ती लिहून द्यावी लागत होती.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तले. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या स्मृतीची शिला बसविली गेली. ज्या वास्तूने शिक्षा दिली तिनेच आदर व्यक्त केला. पण ही दुरुस्तीही कीर्तिमंताच्याच वाट्याला आली.

स्वातंत्र्यानंतर नाण्याची दुसरी बाजू दिसली. १९५९ च्या नानावटी खटल्यात वृत्तपत्रांच्या सहानुभूतीत न्हालेल्या नौदल अधिकाऱ्याला ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने तो कौल झुगारून जन्मठेप दिली. १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली. ज्यूरीपद्धती पुढे गेली, पण दबावाचे मार्ग गेले नाहीत. आज देशातील तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे कैदी आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांची अडचण कायद्याची नसते. जामीनदाराची, वकिलाच्या फीची आणि तारखेची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने प्रथमच आरोपी ठरलेल्यास, काही गंभीर गुन्हे वगळता, कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा तुरुंगात काढल्यावर जामिनावर सोडण्याची तरतूद केली आहे. ती तरतूद कासूच्या आरोपीला कोणी सांगितली तर उपयोगाची.

नामवंताला जामीन लवकर मिळाला म्हणून तो नाकारावा, ही मागणी न्यायाची नव्हे, मत्सराची आहे. इतरांना धडा मिळावा म्हणून त्याला जास्त शिक्षा द्यावी, ही तर १९०८ ची पुनरावृत्ती होईल. जे त्वरित सुनावणीचे आणि कारणांसहित निकालाचे भाग्य नामवंताला लाभते ते निनावी आरोपीच्या वाट्याला यावे, हीच खरी मागणी होय. न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टी चेहरा दिसू नये म्हणून असते. कागद वाचू नये म्हणून नव्हे.