मुलांच्या पत्रांस उत्तर देणारे साने गुरुजी

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, ही प्रथा जुनी आहे व चांगलीही आहे. बहुधा असे चरित्र आपल्याच ज्ञातीतील कर्त्या पुरुषाचे असते. यंदा मात्र आम्ही जे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवीत आहो, ते ज्ञातीबाहेरील एका शिक्षकाचे आहे. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच सर्व महाराष्ट्राचे साने गुरुजी, यांचे नाव ज्या घरात ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. त्यांच्या देशभक्तीविषयी व मातृभक्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे त्यांच्या एकाच गुणाकडे लक्ष वेधावयाचे आहे. वाढत्या वयाच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नास ते उत्तर देत, आणि ते उत्तर मुलास बरोबरीचा मानून देत.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे एके काळी खोतीचे व सुखवस्तू होते. परंतु वडिलांच्या काळात कर्ज वाढले आणि वैभव ओसरले. पालगड, दापोली, औंध व पुणे अशा ठिकाणी, कधी स्वतःच्या हाताने रांधून, तर कधी अर्धपोटी राहून, या मुलाने विद्या मिळविली. १९१७ साली आई निवर्तली, तेव्हा तो शिक्षणासाठी दूर होता. अखेरचे दर्शन घडले नाही. लहान वयातील हे दुःख त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. मुलाच्या डोळ्यांतील पाणी त्यांस इतरांहून आधी दिसे, त्याचे मूळ येथे असावे असे आम्हांस वाटते.

एम. ए. होऊन ते १९२४ साली खानदेशातील अमळनेर येथे हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे छात्रालयाचा भारही त्यांजकडे आला. मुले शाळेत गेली म्हणजे हे गृहपाल त्यांच्या खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे नीट घालून ठेवीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत. मुले ओशाळत आणि दुसऱ्या दिवसापासून आपले काम आपण करू लागत. याच छात्रालयात त्यांनी एक हस्तलिखित दैनिक चालविले. स्वतःच लिहावयाचे आणि सकाळी मुलांना वाचावयास ठेवावयाचे, असा त्यांचा क्रम होता. मुलांच्या मनात काय चालले आहे ते ओळखून त्यावर ते या दैनिकात लिहीत. शिक्षकाचे उत्तर छडीने न येता अक्षरांतून येते, हा अनुभव त्या मुलांस नवा होता. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले. आम्ही स्वतः आयुष्यभर फळ्यापुढे उभे राहिलो आहो. दिवसभर शिकवून रात्री पुन्हा मुलांसाठी लिहीत बसणे किती कठीण आहे, हे आम्ही जाणतो.

१९३० साली सत्याग्रहाचा पुकार झाला तेव्हा गुरुजींनी नोकरी सोडली. धुळे, त्रिचनापल्ली व नाशिक येथील तुरुंग त्यांनी पाहिले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती लिहून घेणारे हात गुरुजींचेच होते. त्यानंतर ते नाशिकच्या तुरुंगात आले. आपण सिन्नरकर नाशिकला जाताना नाशिकरोडवरून नित्य जातो. पण तेथील कारागृहात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले गेले, याचे स्मरण आपणांपैकी किती जणांस होत असेल? दिवसा तुरुंगाचे काम आणि उरलेल्या वेळात लेखन, अशा रीतीने ते सिद्ध झाले व १९३५ साली प्रसिद्ध झाले.

हे पुस्तक बेचाळीस रात्रींत सांगितलेल्या आठवणींचे आहे. श्याम हा काही आदर्श बालक नाही. तो पाण्यास भितो व लपून बसतो, पत्रावळ लावण्याचा कंटाळा करतो, हट्ट करतो. मोठ्या माणसाने आपले बालपणीचे दोष असे उघडे करून दाखविले की वाचणाऱ्या मुलासही आपले मन उघडे करण्याचा धीर येतो. सिन्नर हे एके काळी विड्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. सुपात पाने व तंबाखू घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या मातांनी येथे कित्येक मुले शिकविली. त्या मुलांनी श्यामच्या आईचे दारिद्र्य वाचले असेल तेव्हा ते त्यांस परके वाटले नसेल. या कथेवर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, ते त्या पारितोषिकाचे पहिलेच वर्ष होते.

पत्र हा गुरुजींचा आवडता लेखनप्रकार होता. ‘श्यामची पत्रे’ या पुस्तकात वसंत नावाच्या तरुणास लिहिलेली पत्रे आहेत. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात मुलाला देश, धर्म, जात, गरिबी व श्रीमंती यांविषयी प्रश्न पडू लागतात. घरातील वडील मंडळी बहुधा या प्रश्नांस अभ्यास कर एवढेच उत्तर देतात. गुरुजी तसे करीत नाहीत. हिंदू व मुसलमान यांनी एकत्र कसे नांदावे, समाजवाद म्हणजे काय, असे भारी विषय ते सोप्या भाषेत उलगडतात. तरुणाचे मत आपणांहून निराळे असले तरी ते त्याला तुच्छ लेखीत नाहीत; आपले म्हणणे मात्र स्पष्ट सांगतात.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. त्यातून आपली पुतणी सुधा हिला उद्देशून ते पत्रे लिहू लागले. तीच पुढे ‘सुंदर पत्रे’ या नावाने ग्रंथरूप झाली. नाव एका मुलीचे, पण वाचणारी मुले महाराष्ट्रभरची. त्यांत फुले, पाखरे व पाऊस आहेत, संत आहेत, देशोदेशीच्या घडामोडी आहेत. त्या काळी मुलीच्या नावे घरात पत्र येणे हीच अपूर्वाईची गोष्ट होती. जगाच्या राजकारणातील गोष्टी मुलीस कशाला सांगावयाच्या, असा विचार गुरुजींनी केला नाही, हे आमच्या ज्ञातिभगिनींनी ध्यानात घ्यावे.

गुरुजींचे उत्तर केवळ कागदावर राहिले नाही. ‘श्यामची आई’मध्ये अस्पृश्य मानलेल्या एका म्हाताऱ्या बाईची मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते, असा प्रसंग आहे. ही शिकवण खरी की पुस्तकातली, असा प्रश्न कोणी मुलाने केला असता, तर त्याचे उत्तर पंढरपुरास मिळाले. विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपूर येथे उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले आणि मंदिराची दारे उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. ज्ञातिसंस्था ही आपल्या मुलांस हात देण्यासाठी असते, दुसऱ्यांच्या मुलांस दार लावण्यासाठी नसते, एवढा बोध आपण यातून घेतला तरी पुरे.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली. गुरुजींच्या कोमल मनावर हा घाव फार खोल बसला. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. स्वातंत्र्यानंतर देशात जे दिसू लागले त्यानेही ते व्यथित होत गेले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. चरित्रकार ही गोष्ट कित्येकदा झाकून ठेवितात. आम्हांस ती झाकावी असे वाटत नाही. कारण तीत आपल्या घरांसाठी एक शिकवण आहे. जो इतरांचे अश्रू पुसतो त्याच्याही मनाची विचारपूस कोणीतरी करावी लागते. आणि जे मूल हसतमुख दिसते, पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते, तेही आतून एकटे असू शकते.

आपली संस्था दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करते. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र देऊन आपण मुलांचे गुण मोजतो. त्यांचे प्रश्न मात्र आपण विचारीत नाही. नापास झालेले मूल तर त्या दिवशी सभागृहात येतच नाही. आज प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आहे, निरोप क्षणात पोहोचतो. तरीही नीट विचार करून, नाव घालून लिहिलेले उत्तर मुलास क्वचितच मिळते.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस एक नम्र सूचना आहे. येत्या गुणगौरव समारंभाच्या निमित्ताने तेरा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीकडून, मग ते उत्तीर्ण असो वा अनुत्तीर्ण, एक पत्र मागवावे. मनात असेल ते त्यांनी लिहावे. संस्थेतील निवृत्त शिक्षक, डॉक्टर, वकील, शेतकरी, गृहिणी यांनी ती पत्रे वाटून घ्यावीत आणि पंधरा दिवसांच्या आत स्वहस्ते उत्तर धाडावे. पत्रातील मजकूर गुप्त राहावा. उत्तरात उपदेश थोडा व आपुलकी अधिक असावी. या कामी पहिली दहा पत्रे आमच्या वाट्यास द्यावीत. ज्यांस गुरुजींचे स्मारक करावयाचे असेल, त्यांस यासाठी पैसा लागणार नाही. लेखणी, कागद आणि सवड एवढेच लागेल.