पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून गाडीसाठी बनवलेल्या व्हॉल्व्हने जॅक कुस्तोला समुद्राच्या तळाशी पोहोचवलं

मालवण-तारकर्लीला स्कुबा करायला गेलात की बोटीवर पहिल्यांदा काय होतं? कुणीतरी तुमच्या तोंडात रबरी माउथपीस देतं आणि सांगतं, नाकाने नाही, तोंडाने श्वास घ्या. पाठीवर सिलिंडर, डोळ्यांवर मास्क, कमरेला शिशाचं वजन, पायात फिन्स. दोन मिनिटं घाबरायला होतं, मग सवय होते.

या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे सिलिंडर आणि तोंड यांच्या मध्ये बसणारा रेग्युलेटर. तुम्ही श्वास ओढला की तो हवा देतो, थांबलात की बंद होतो. साधं वाटतं. पण हे साधं होईपर्यंत काही जणांचा जीव जाता जाता वाचला, आणि एकाचा गेलाही. जॅक कुस्तोची गोष्ट म्हणजे बऱ्याच अंशी याच सामानाची गोष्ट आहे.

कुस्तोचा जन्म 11 जून 1910 चा. फ्रान्समधलं बोर्दोजवळचं सेंत-आंद्रे-द-क्युब्झाक हे त्याचं गाव. 1930 मध्ये तो नौदलाच्या अकादमीत दाखल झाला. त्याला खरं तर समुद्रात शिरायचं नव्हतं, आकाशात उडायचं होतं. नौदलाच्या विमानदलात त्याचं प्रशिक्षणही सुरू झालं. पण एका रात्री त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला आणि दोन्ही हात मोडले. वैमानिक व्हायचा विषय तिथेच संपला.

हातात ताकद यावी म्हणून तो तुलाँच्या किनाऱ्यावर पोहायला लागला. तिथे नौदलातलाच त्याचा मित्र होता फिलिप तायेझ. 1936 मध्ये तायेझने त्याला पाण्यात वापरायचा एक गॉगल दिला. कुस्तोने तो लावला आणि डोकं पाण्यात घातलं. वर ट्राम, माणसं, विजेचे खांब, आणि खाली हातभर अंतरावर शेवाळ, मासे, खडक असं वेगळंच जग. आयुष्यभराचा निर्णय झाला तो इतक्या किरकोळ वस्तूमुळे.

पुढे फ्रेडरिक द्यूमा हा तिसरा मित्र येऊन मिळाला. द्यूमा दम रोखून भाल्याने मासे मारण्यात पटाईत. तिघांची अडचण एकच होती, दम पुरत नव्हता.

मग तेव्हा बाजारात जे काही होतं ते त्यांनी एकेक करून वापरून पाहिलं. इव्ह ल प्रिअर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने हवेच्या सिलिंडरचं उपकरण आधीच बनवलं होतं, पण त्यातून हवा सारखी वाहत राहायची. निम्मी हवा तुम्ही न घेताच बुडबुडे होऊन वर जायची, त्यामुळे सिलिंडर लगेच संपायचा. दुसरा पर्याय होता वरून पंपाने नळीतून हवा सोडायची. पण पाणबुड्या नळीला बांधला गेला की त्याच्या फिरण्याला मर्यादा आली, आणि नळी फुटली तर विषयच संपला. असा प्रसंग त्यांच्यावर येऊनही गेला.

तिसरा पर्याय शुद्ध ऑक्सिजनचा होता. सोडलेला श्वास चुनायुक्त रसायनातून गाळून पुन्हा वापरायचा. उपकरण हलकं, बुडबुडे नाहीत, आवाज नाही. कुस्तोने असं एक यंत्र जुळवून घेतलं आणि खाली गेला. साधारण 14 मीटरवर त्याच्या अंगाला झटके यायला लागले. शुद्ध हरपायच्या आत कसाबसा त्याने कमरेचा वजनाचा पट्टा सोडला, म्हणून शरीर वर आलं. त्याने यंत्रात सुधारणा केली, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन मेंदूला विषासारखा लागतो, हे त्याला असं कळलं. त्यानंतर त्याने ऑक्सिजनचा नाद सोडला.

वेट बेल्टचं बक्कल आजही एका हाताने झटक्यात सुटेल असंच असतं. बोटीवर चढताना ते दोनदा तपासायला सांगतात ते उगाच नाही.

एव्हाना दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. फ्रान्सवर जर्मनांचा ताबा होता. पेट्रोल मिळत नसल्यामुळे फ्रान्समधल्या गाड्या लाकूड किंवा कोळसा जाळून मिळणाऱ्या गॅसवर चालवल्या जात होत्या. पॅरिसमध्ये 'एर लिकीद' या औद्योगिक गॅस बनवणाऱ्या कंपनीत एमिल गान्यां नावाचा इंजिनियर होता. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस आपोआप सुटावा म्हणून त्याने एक व्हॉल्व्ह बनवला होता.

इथे कुस्तोची बायको सिमोन कामी आली. तिचे वडील याच कंपनीत मोठ्या पदावर होते. डिसेंबर 1942 मध्ये कुस्तो आणि गान्यांची भेट झाली. कुस्तोला काय हवंय हे ऐकल्यावर गान्यांला कळलं की आपल्या टेबलावर जवळपास तेच पडलं आहे.

तत्त्व असं आहे. पाण्यात दर 10 मीटरमागे वातावरणाच्या दाबाइतका दाब वाढत जातो. 10 मीटरवर छातीवर दुप्पट दाब, 20 वर तिप्पट. तेवढ्याच दाबाची हवा आत गेली नाही तर छाती फुगूच शकत नाही. गान्यांच्या व्हॉल्व्हमध्ये एक लवचीक पडदा होता. एका बाजूने त्याला पाणी दाबतं, दुसऱ्या बाजूला श्वासाची हवा. पाणबुड्याने श्वास ओढला की पडदा आत सरकतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि त्या खोलीला हवी तेवढ्या दाबाची हवा येते. ओढणं थांबलं की बंद. ही कल्पना अगदी नवी नव्हती. 1860 च्या दशकात रुकेरोल आणि दनेरूझ या दोन फ्रेंच माणसांनी असा रेग्युलेटर केला होता. पण त्या काळात जास्त दाबाची हवा साठवणारे सिलिंडर नव्हते.

जानेवारी 1943 मध्ये पॅरिसजवळच्या मार्न नदीत पहिली चाचणी झाली. थंडीत कुस्तो पाण्यात उतरला. आडवा पोहताना सगळं झकास. उभा राहिला की हवा भसाभस वाहायला लागायची. डोकं खाली केलं की श्वास ओढताना जीव मेटाकुटीला यायचा.

दोघं हिरमुसून परत निघाले आणि वाटेतच त्यांना कारण सापडलं. श्वास बाहेर टाकायचं तोंड हवा आत घ्यायच्या जागेपेक्षा काही इंच दूर होतं. उभं राहिलं की ते वर यायचं, उलटं झालं की खाली जायचं, आणि तेवढ्या फरकाने पाण्याचा दाब बदलायचा. दोन्ही जवळजवळ बसवल्यावर प्रश्न सुटला. पुढे या यंत्राला 'अ‍ॅक्वालंग' हे नाव पडलं.

जून 1943 मध्ये दक्षिण फ्रान्सच्या बांदोल स्टेशनवर रेल्वेने एक खोकं आलं. आत तीन सिलिंडर आणि रेग्युलेटर. कुस्तो पाण्यात उतरला. सिमोन स्नॉर्कल लावून वरून त्याच्यावर नजर ठेवून पोहत होती आणि द्यूमा किनाऱ्यावर तयारीत बसला होता, काही झालं तर उडी मारायला. कुस्तोने खाली कोलांट्या मारल्या, उलटा झाला. यंत्र कुठेच अडलं नाही. एका कपारीत त्याला लॉबस्टर दिसले, ते त्याने वर नेऊन सिमोनच्या हातात दिले. युद्धात खायचे वांधे होते, त्यामुळे यंत्राइतकाच आनंद त्या जेवणाचाही झाला असणार.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये द्यूमा 62 मीटरपर्यंत गेला. खाली त्याला दारू चढल्यासारखं झालं. हवेतला नायट्रोजन दाबाखाली नशा आणतो. यंत्र चालत राहिलं तरी माणूस चालेल असं नाही, हे तेव्हा दिसलं.

युद्ध संपल्यावर नौदलाने तुलाँमध्ये या मंडळींचा संशोधन गट उभा केला. 1946 च्या ऑगस्टमध्ये हा गट गेला फोंतेन द व्होक्ल्यूझला. प्रोव्हान्समधला हा एक प्रचंड झरा आहे, वर्षातून एकदा फुगून वाहतो. का वाहतो, हे आत जाऊन बघायचं होतं.

कुस्तो आणि द्यूमा एकमेकांना दोरीने बांधून उतरले. अंगावर सामान किती? तीन सिलिंडरचा संच, टॉर्च, खंजीर, खोलीमापक, जादा दोरखंड, गिर्यारोहक वापरतात ती बर्फकुऱ्हाड. जे जे लागेल असं वाटलं ते सगळं घेतलं होतं. वर दोर धरून बसलेल्या मॉरिस फार्गशी खुणा ठरल्या होत्या. तीन झटके म्हणजे दोर सोड, सहा झटके म्हणजे लगेच वर ओढ.

सुमारे 45 मीटर खोलीवर दोघांची डोकी चालेनाशी झाली. कशासाठी आलोय हेच आठवेना. द्यूमाच्या तोंडातला माउथपीस सुटला, त्याची शुद्ध हरपत चालली. कुस्तोने दोराला झटके दिले, पण दोर सैल होता. वर फार्गला वाटलं, यांना आणखी दोर हवाय. तो सोडत गेला. कुस्तो दोर पकडून वर चढू पाहत होता आणि दोर खाली येत होता. शेवटी फार्गला शंका आली आणि त्याने जीव खाऊन ओढायला सुरुवात केली. दोघं वाचले.

नंतर तायेझ दुसऱ्या साथीदाराबरोबर उतरला, तोही तसाच भोवंडून परत आला. मग सिलिंडरमधली हवा तपासली गेली. त्यात कार्बन मोनॉक्साइड निघाला. हवा भरणारा काँप्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर ओढून सिलिंडरमध्ये भरत होता. जमिनीवर जे थोडंफार चाललं असतं ते 45 मीटरवर साडेपाच पट दाबाने रक्तात गेलं. एवढं सामान नीट बांधून नेलं, आणि चुकलं ते न दिसणारं सामान.

म्हणून डाइव्ह बोटीवर आजही काँप्रेसरचं हवा घेणारं तोंड वाऱ्याच्या दिशेला, इंजिनाच्या धुरापासून लांब ठेवतात. अनुभवी माणूस सिलिंडर लावल्यावर आधी हवेचा वास घेतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण धुराबरोबर तेलाचाही वास येतो आणि तेवढ्याने शंका येऊ शकते.

पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, साधी हवा घेऊन माणूस किती खोल जाऊ शकतो हे बघताना मॉरिस फार्ग गेला. हो, दोर ओढून दोघांना वाचवणारा तोच. साधारण 120 मीटरवर खुणेच्या पाटीवर त्याने सही केली होती. वर ओढला तेव्हा माउथपीस त्याच्या छातीवर लोंबत होता. रेग्युलेटर शेवटपर्यंत व्यवस्थित होता.

अ‍ॅक्वालंग तोवर दुकानात विकायला आलं होतं. कुस्तोला आता बोट हवी होती, कारण सिलिंडर, काँप्रेसर, कॅमेरे आणि माणसं घेऊन महिनोन्महिने समुद्रात राहायचं होतं. 1950 मध्ये ती मिळाली. नाव कॅलिप्सो. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये ब्रिटिश नौदलासाठी बांधलेलं हे लाकडी सुरुंगशोधक जहाज, युद्धानंतर माल्टा आणि गोझो या बेटांमध्ये फेरीबोट म्हणून चाललेलं. लोएल गिनिस या धनाढ्य ब्रिटिश माणसाने ते विकत घेतलं आणि वर्षाला एक फ्रँक भाड्याने कुस्तोला दिलं.

त्यात केलेले बदल बघण्यासारखे आहेत. पाण्याखाली नाळेला खिडक्यांची खोली जोडली, म्हणजे पाण्यात न उतरताही बघता येईल. जहाजाच्या तळाला आरपार विहीर पाडली, म्हणजे समुद्र खवळलेला असला तरी पाणबुड्या आतल्या आतच उतरू-चढू शकेल. पैसे कमी पडले तेव्हा सिमोनने दागिने विकले. पुढची कित्येक वर्षं ती त्या बोटीवरच जास्त राहिली. कुस्तोच्या सिनेमांत ती फारशी दिसत नाही, पण बोटीचा संसार तिने चालवला.

1951 मध्ये कॅलिप्सो तांबड्या समुद्रात गेली. मग पुस्तक आलं, लाखोंनी खपलं. 1956 च्या 'द सायलेंट वर्ल्ड' या सिनेमाला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार आणि नंतर ऑस्कर मिळालं. त्याच्याबरोबर दिग्दर्शक होता विशीतला लुई माल.

तो सिनेमा आज बघताना त्रास होतो. मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवलाय. कॅलिप्सोच्या पंख्याने जखमी झालेल्या व्हेलच्या पिल्लावर शार्क आले तर चिडून शार्कची कत्तल केलीये. त्याआधी 1954 मध्ये याच बोटीने अबूधाबीजवळ तेलासाठी समुद्रतळाची पाहणीही केली होती. समुद्र वाचवणारा कुस्तो तेव्हा अजून झालेला नव्हता.

तो झाला हळूहळू. ज्या भूमध्य समुद्रात तो पहिल्यांदा उतरला होता तिथले मासे वर्षागणिक कमी होताना त्याला स्वतःला दिसत होते. 1960 मध्ये फ्रान्सने त्या समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकायचं ठरवलं तेव्हा तो उघडपणे विरोधात उभा राहिला. 1973 मध्ये त्याने कुस्तो सोसायटी काढली. तोवर टीव्हीमुळे त्याची लाल लोकरी टोपी जगभर ओळखीची झाली होती.

शेवटची वर्षं सुखाची नव्हती. 28 जून 1979 ला धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ सीप्लेनच्या अपघातात गेला. 1990 मध्ये सिमोन गेली. जानेवारी 1996 मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. 25 जून 1997 ला पॅरिसमध्ये कुस्तोचं निधन झालं, वय 87. दफन जन्मगावीच झालं.

गान्यां 1947 मध्येच कॅनडाला गेला होता. तो माँट्रियलमध्ये त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत आणखी रेग्युलेटर बनवत राहिला आणि 1984 मध्ये वारला. कॅलिप्सो पाण्यातून वर काढली गेली, पण अनेक वर्षं फ्रान्सच्या एका गोदीत कुजत पडली. 2016 मध्ये तिला दुरुस्तीसाठी तुर्कस्तानात नेलं आणि पुढच्याच वर्षी तिथे आग लागून तिचा काही भाग जळला.